काचेच्या दोन्ही बाजूंचं पाणी

परवा दुपारी आभाळ भरून आलं आणि आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून दारात येऊन उभी राहिली. पूर्वी असं अंधारून आलं की गच्चीवरचे कपडे काढायची धांदल व्हायची, कुणाच्या तरी घरातून भज्यांचा वास यायचा. आता सगळे आधी नदीच्या दिशेला बघतात. आमच्या गल्लीतून नदी दिसत नाही. मधे वस्ती आहे, मोठं मैदान आहे. तरी बघतात.

मीही बघितलं आणि आत येऊन काचेच्या टाकीसमोर बसले. टाकीत एका दगडाला दोऱ्यानं बांधलेलं झाड आहे. पानं गडद हिरवी, जाड, जराशी कातडी वाटावीत अशी. अनुबियास त्याचं नाव. मुळात ते आफ्रिकेतल्या ओढ्याकाठचं. माझ्याकडे ते हैदराबादहून आलं. एका लग्नाला गेले होते, तिथल्या बाजारात माशांच्या दुकानात दिसलं आणि पाणी भरलेल्या पिशवीत घालून, मांडीवर धरून रेल्वेनं नांदेडला आणलं. शेजारच्या सीटवरची बाई पिशवीत वाकून वाकून मासे शोधत होती. मासे नाहीत, नुसतं झाड आहे, असं सांगितल्यावर तिनं माझ्याकडे ज्या काळजीनं बघितलं ते अजून आठवतं.

माझं माहेर दुष्काळी रेणापूरचं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि हात धुतलेलं पाणी पपईला, अशा घरात मी वाढले. पाण्याच्या आत झाड लावायचं, ते झाड फक्त बघायचं, ही चैन मला फार उशिरा सुचली. मी एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं. सुई टोचताना माणसं तोंड फिरवतात, त्यामुळे माझ्या वाट्याला दिवसभर फिरवलेली तोंडंच येतात. घरी आल्यावर समोर काहीतरी स्थिर, न दचकणारं हवं असायचं. हे झाड तसं होतं. त्याला घाई नाही. एक नवं पान यायला महिना लागतो, कधी त्याहून जास्त. कडक उजेड त्याला चालत नाही, पानांवर शेवाळ धरतं. मग पाण्यात हात घालून एकेक पान बोटांनी पुसायचं. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, दिवसभर बादलीत ठेवून मग घालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचं खोड वाळूत किंवा मातीत पुरायचं नाही. आडवं, बोटाएवढं जाड खोड असतं. ते उघडं राहिलं पाहिजे. दगडाला दोऱ्यानं बांधून ठेवलं की मुळं हळूहळू दगडाला धरतात. मातीत घातलं की कुजतं.

बरीच वर्षं घरात हे माझं एकटीचं खूळ होतं. माझा नवरा बालाजी लातूरला कारखान्यात असतो, शनिवारी घरी येतो. तो टाकीवर मोबाइल ठेवायचा. तेवढाच त्याचा टाकीशी संबंध.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर मामा, म्हणजे माझे सासरे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. बिलोली तालुक्यात, मांजरेच्या काठाला आमचं शेत आहे. सासूबाई गेल्यापासून मामा तिथं एकटेच राहतात. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. ज्या माणसानं उभा जन्म वाकून, धुळीत आणि चिखलात काढला त्याला काळा चष्मा लावून पलंगावर बसवून ठेवलं. पलंगासमोर टाकी. पट्टी काढल्यावर त्यांनी नव्या डोळ्यानं पहिल्यांदा नीट बघितलं ते माझं झाड.

"सुनंदा, ह्यो तर चमकुरा हाय," ते म्हणाले. चमकुरा म्हणजे अळू.

"त्याच्याच भावकीतला आहे, मामा."

ते बराच वेळ बघत बसले. "हिरवं असं असतंय व्हय," म्हणाले. "लई वर्षं झाली, समदं पिवळं पिवळंच दिसायलं होतं. मला वाटलं, पिकंच तशी यायलीत."

दिवसातून ठरावीक वेळी मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायची. ते मान वर करून लहान पोरासारखे बसायचे. पाऊस त्या दिवसांत थांबतच नव्हता. आमच्याकडच्या माणसाला पाऊस जास्त झाला म्हणायची सवय नाही. तसं म्हणायला जीभच वळत नाही. मामा रोज गावाकडं फोन लावायचे आणि सोयाबीन पिवळं पडायलंय एवढं ऐकून गप्प बसायचे.

त्या सकाळी मी लॅबमध्ये होते. समोरच्या घरातल्या शबानाचा फोन आला. "भाभी, जल्दी आव. गल्ली में पानी आ गया. तुम्हारे बाबा उठकेच नै रहे." वरच्या धरणातून पाणी सोडलंय हे सकाळी कानावर आलं होतं, पण ते दरवर्षीच येतं. ऑटोवाल्यानं मला मैदानाच्या अलीकडेच उतरवलं. पुढं मैदान नव्हतं. पाणी होतं, तपकिरी, शांत, आणि त्यात क्रिकेटच्या स्टंपांची टोकं दिसत होती. मी चपला हातात घेतल्या आणि चालत राहिले. मला पोहता येत नाही. रेणापूरच्या पोरीला कुठून येणार.

घरात गुडघ्याएवढं पाणी होतं. पलंगावर पाय वर घेऊन मामा बसले होते. घाबरलेले दिसत नव्हते. त्यांना काही कळेनासंच झालं होतं.

"मामा, चला."

"कुठून आलं गं हे?" त्यांनी विचारलं. "पाऊस तर न्हाई आता."

खरंच तेव्हा पाऊस थांबला होता. बाहेर लख्ख ऊन होतं आणि घरात पाणी चढत होतं. मी टॉवेल त्यांच्या डोळ्यावर बांधला, त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि गल्ली ओलांडली. घरातून काय घ्यावं हे सुचलंच नाही. शबानाच्या वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर बघितलं तर माझ्या हातात डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणि कपडे वाळत घालायचा चिमटा होता.

शबानाच्या जिन्याच्या खिडकीतून आमची खिडकी समोर येते. त्यातून टाकी दिसत होती. मी तिथून हलले नाही. लोखंडी स्टँडवर ठेवलेली टाकी, तिच्यात नितळ पाणी, पाण्यात झाड. बाहेरून चढत आलेलं गढूळ पाणी काचेला लागलं. मला वाटलं, काच फुटेल. काचेच्या एका बाजूला स्वच्छ पाणी आणि दुसऱ्या बाजूला नदी, दोन्ही हळूहळू एका उंचीला आली. पानं आत तशीच उभी होती. गप्पी मासे वरच्या कडेला गोळा झाले होते. मग बाहेरचं पाणी कडेवरून आत सांडलं. आवाज झाला नाही. दूध चहात घालावं तसं ते मिसळलं आणि झाड दिसेनासं झालं. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला निदान काहीतरी आपटावं, फुटावं लागतं. इथं काहीच झालं नव्हतं. फक्त घर गेलं होतं.

पाणी उतरलं तेव्हा आम्ही दार ढकललं. ते उघडेना. आतून चिखल होता. फ्रिज पाठीवर पडून दारापर्यंत आला होता, मिक्सरचं भांडं पंख्याच्या पात्यावर बसलं होतं. ते तिथं कसं गेलं, अजून कळलेलं नाही. आणि टाकी जागेवर होती, कडेपर्यंत गाळानं आणि पाण्यानं भरलेली. मी कपाट बघितलं नाही, गादी बघितली नाही. थेट टाकीत हात घातला. लोकांना पुढं मी हे सांगितलं की हसतात, पण त्या घटकेला मला एवढंच आठवत होतं की ते खोड मातीत पुरलं गेलंय आणि त्याला मातीत पुरायचं नसतं.

गाळात माझ्या बोटांशी काहीतरी हललं. मी हात ओढून घेतला आणि भिंतीला टेकले.

"थांब," मामा दारातून म्हणाले. आत येऊ नका सांगूनही आले होते. त्यांनी काठीनं वरचं पाणी हलवलं. एक मरळ वर आली, वीतभर लांब. तोंड वर काढून श्वास घेऊन पुन्हा खाली गेली. नदी आमच्या घरात आपला मासा विसरून गेली होती.

शबाना म्हणाली, "बाबा, हांडी में अच्छी लगती ये."

"न्हाई," मामा म्हणाले. "तीबी घर सोडून आल्यालीच हाय." शबानानंच मग ती बादलीत घालून नाल्याच्या वाहत्या पाण्यात नेऊन सोडली.

झाड सापडलं. बरीचशी पानं सडून हातात येत होती. खोड दाबलं तर मऊ लागत होतं आणि त्याला अंड्यासारखा वास येत होता. मी ब्लेडनं कुजकं कापत गेले. कापत कापत शेवटी दोन तुकडे राहिले, कडक, आतून हिरवे. एकाला एक फाटकं पान होतं, दुसऱ्याला तेही नाही. प्यायच्या पाण्यासाठी तेव्हा आम्ही टँकरची वाट बघत होतो. सगळीकडे पाणी आणि प्यायला नाही. मी ते दोन तुकडे दोन खड्यांना बांधून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि आमच्या वाटणीच्या पाण्यातून डबा भरला. कुणी काही बोलेल म्हणून मान वर केली नाही. मामांनी हातातल्या पेल्यातलं अर्धं पाणी त्यात ओतलं आणि उरलेलं प्याले.

रस्ता सुरू झाल्यावर बालाजी आला. तो मामांना घेऊन गावाकडं गेला. मामा संध्याकाळी परत आले ते नुसते येऊन पलंगाच्या लोखंडी सांगाड्यावर बसले. गादी तेव्हा नव्हतीच.

"पीक गेलं?" मी बालाजीला विचारलं.

"पीक सोड," तो म्हणाला. "शेत गेलं. पार खरडून नेलंय. खाली खडक उघडा पडलाय, सुनंदा. बांध कुठं होता तेबी सांगता येईना. बाबा म्हणायले, ही आपली जमीनच न्हाई, तू चुकलास, पुढं चल. आम्ही पुढं गेलाव. मंग परत आलाव."

मी थेंबांची बाटली घेऊन मामांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"मामा, डोळा."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आता काय बगायचंय."

ते रागानं म्हणाले नाहीत. जेवण झालंय म्हणून ताट बाजूला सारावं तसं म्हणाले. मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. पुराच्या पाण्यात उभी असताना मला जी भीती वाटली नव्हती ती तेव्हा वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धी ठेवली, तिसऱ्या दिवशी शिवलीच नाही. डोळा लाल दिसू लागला. बालाजी चिडला, मग रडकुंडीला आला. मामा ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

घरातला चिखल आम्ही फावड्यानं ओढून गटारात ढकलत होतो. गल्लीत सगळे तेच करत होते. मी दारातून एक घमेलं उचललं तेव्हा मामा उठले. कितीतरी वेळानंतर उठले.

"टाकू नको," ते म्हणाले.

"काय, मामा?"

त्यांनी घमेल्यात हात घातला, चिखल बोटांत चोळला. "माती हाय ही. कुणाची तरी जमीन हाय. माझी तिकडं तेलंगणात गेली. कुणाच्या घरात शिरली असंल, कुणास ठाऊक. तीबी कुणी गटारातच टाकायलं असंल."

हातातलं घमेलं मला एकदम पेलवेना. इतके दिवस मी त्याला घाण म्हणत होते. शबाना समोरच्या पायरीवर फावडं धरून उभी होती. तिनं फावडं खाली ठेवलं. त्या दिवसापासून मामांनी आमच्या अंगणात, चिंचेच्या बाजूला त्या मातीचा ढीग लावायला सुरुवात केली. काचा, प्लास्टिक, चमचे वेचून काढायचे आणि माती ढिगावर. शबानानं तिच्या घरातली दिली, पुढं गल्लीतल्या इतरांनीही आणून टाकली. का, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनाच काहीतरी जपून ठेवायचं होतं, आणि उरलं होतं ते तेवढंच.

पण डोळ्यात थेंब घालू देईनात. मग मला डबा सुचला.

"मामा, मला जवळचं दिसत नाही हो," मी म्हणाले. ते खरंच होतं, माझा चष्मा पुरात गेला होता. "नवं पान आलंय का तेवढं बघून सांगा."

ते डब्यावर वाकणार तोच मी म्हणाले, "वाकू नका. डोळ्यातून पाणी गळायलंय तुमच्या. थेंब घालते, मग बघा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी युक्ती त्यांना कळली, हे मला कळलं. तरी त्यांनी मान वर केली. मी थेंब घातले. रोज कितीतरी जणांना सुई टोचते मी, पण ती बाटली मला दोन्ही हातांनी धरावी लागली.

पान आलं नव्हतं. दसरा गेला, दिवाळीत आम्ही दारात एक पणती लावली, तरी पान आलं नव्हतं. मी दर चार दिवसांनी डब्यातलं अर्धं पाणी बदलायची, खोडावरचा बुळबुळीतपणा पुसायची. जुनं फाटकं पानही पिवळं होऊन गळालं. डब्यात आता दोन खडे आणि त्यांना बांधलेल्या दोन काटक्या एवढंच उरलं. मामा रोज सकाळी बघायचे आणि म्हणायचे, "मेलंय." मी म्हणायची, "कडक आहे अजून." ते बोट लावून बघायचे. "हाव, कडक तर हाय."

थंडी पडली होती. मी आत भाकरी थापत होते. मामांनी अंगणातून हाक मारली, "सुनंदा, इकडं ये." हाक मोठी नव्हती. मी पीठ लागलेल्या हातानं गेले. डबा त्यांनी उन्हात धरला होता. खोडाच्या टोकाला फिकट हिरवं काहीतरी होतं, गुंडाळलेलं, सुईएवढं.

"मातीबिगर?" ते म्हणाले.

"मातीत घातलं की मरतं ते, मामा."

बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं. ज्याची माती गेली त्याच्यापुढं मी हे काय बोलले. ते डबा धरून उभे राहिले.

"मंग ते धरतंय कशाला?"

"दगडाला."

त्यांनी डबा जागेवर ठेवला आणि आत येऊन गरम भाकरी मागून घेतली.

होळीच्या आधी ढीग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरला. एवढ्या गल्लीची माती, पण एकच ट्रॉली झाली. मामा ट्रॉलीबरोबर बसूनच गावी गेले. जाताना त्यांनी डब्यातला एक खडा मागितला. तोवर दोन्ही तुकड्यांना पानं आली होती. मी त्यांना सगळं सांगितलं. सावलीत ठेवा, खोड पुरू नका, पानं पुसत जा. त्यांनी ऐकून घेतलं, जसं मी त्यांच्याकडून पेरणीचं ऐकून घेते. दुसरा खडा मी टाकी धुऊन तिच्यात परत ठेवला.

उन्हाळ्यात बालाजी सुट्ट्या काढून गेला. तळ्यातला गाळ आणून त्यांनी खडकावर पसरला. सगळं शेत काही झालं नाही. अर्धंसुद्धा नाही. आमच्या गल्लीची माती एका कोपऱ्यात टाकली. यंदा त्या कोपऱ्यात सोयाबीनमध्ये कापसाची चार रोपं उगवली. ती कुणी पेरली नव्हती. वरच्या कुठल्या तरी गावातल्या, कुणाच्या तरी शेतातलं बी मातीतून आलं असणार. मामांनी ती उपटली नाहीत. दरम्यान त्यांनी एक म्हैस घेतली. गोठ्याजवळच्या सिमेंटच्या हौदात, लिंबाच्या सावलीत, म्हशीच्या प्यायच्या पाण्यात झाड ठेवलंय, असं बालाजी सांगत होता. मी बघायला गेले नाही. लॅब असते, टाकी असते. आणि खरं सांगायचं तर त्या शेताकडं बघायचा मला धीर होत नाही.

परवा मी टाकीसमोर बसले होते, तेव्हाच फोन वाजला. आभाळ तसंच काळं होतं. मामांचा फोन. मामा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. घ्यायच्या आधी मी उठून एकदा दारातून गल्लीत बघून घेतलं.

"सुनंदा, तिकडं पाणी?"

"नाही मामा. आभाळ आहे नुसतं. तिकडं?"

"न्हाई. इकडंबी न्हाई." मागं म्हैस रेकली. "तुझं झाड म्हशीनं खाल्लं."

आणि पलीकडून एक आवाज आला. आधी वाटलं खोकतायत. मग कळलं, मामा हसतायत. सासूबाई गेल्यानंतर हा माणूस हसलेला मी ऐकला नव्हता. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"समदी पानं खाल्ली," ते म्हणाले. "पाणी प्याया गेली अन् तोंडात धरून वर आली. मी बगायलो, ती बगायली."

"खोड आहे का, मामा?"

"हाय. खड्याला धरून हाय."

"मग येतील पानं."

"कवा?"

"लई दिवस लागतात, मामा. तुम्हाला माहीत आहे."

"लागू देत," मामा म्हणाले. "मी कुठं जायलो."